ठरावाच्या वहीपासून नळाच्या तोटीपर्यंत



नगरपालिका काय करते, असा प्रश्न प्राथमिक शाळेतील कोणत्याही चुणचुणीत मुलास विचारला, तर तो एका दमात उत्तर देतो : रस्ते बांधते, दिवे लावते, पाणी पुरविते, केरकचरा उचलते. उत्तर बरोबर आहे व परीक्षेत त्यास पूर्ण गुणही मिळतील. परंतु त्याच मुलाच्या गल्लीतील दिवा आठ दिवस बंद असेल, तर तो कोणी, कोणाच्या हुकुमाने आणि कोणत्या कागदाच्या आधारे लावावयाचा, हे त्यास सांगता येत नाही. पुष्कळदा ते त्याच्या वडिलांनाही सांगता येत नाही. नगरपालिकेची कामे पाठ्यपुस्तकात असतात, तिचे कामकाज मात्र नसते. आजच्या विवेचनाचा विषय हे कामकाजच आहे.

महाराष्ट्रातील लहान शहरांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमानुसार चालतो. एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरात 'अ' वर्ग, चाळीस हजारांच्या वर व लाखापर्यंत 'ब' वर्ग आणि त्याखाली 'क' वर्ग अशी नगरपरिषदांची वर्गवारी आहे. कायद्याने नाव बदलून 'नगरपरिषद' केले. लोकांच्या तोंडी मात्र 'नगरपालिका' हाच शब्द राहिला आहे, म्हणून येथेही तोच योजिला आहे. या संस्थेची दोन अंगे आहेत. निवडून आलेले नगराध्यक्ष व नगरसेवक हे एक, आणि शासनाने नेमलेले मुख्याधिकारी व त्यांच्या हाताखालील कर्मचारी हे दुसरे. ठराव सभेचा, अंमल मुख्याधिकाऱ्यांचा, हे सूत्र ध्यानी ठेवले म्हणजे पुढील गोष्टी सुलभ होतात.

शहर जागे होण्यापूर्वीच नगरपालिकेचा दिवस सुरू होतो. पाणीपुरवठ्याचा माणूस चावी घेऊन एका भागाचा व्हॉल्व्ह बंद करतो व दुसऱ्याचा उघडतो. मुकादम सफाई कामगारांची हजेरी घेऊन त्यांस गल्ल्या वाटून देतो. या कामांसाठी दररोज ठराव लागत नाही. २०२१ अखेरपासून राज्यातील अनेक नगरपालिकांची मुदत संपून तेथे दीर्घकाळ प्रशासक होते. सभागृहे रिकामी होती, तरी पाणी सुटत होते आणि झाडलोट होत होती. यावरून सभागृहाचे महत्त्व कमी आहे असे मात्र कोणी समजू नये. पाणी कोणत्या भागास आधी सुटावे, दर किती असावा, नवी वाहिनी कोठे टाकावी, हे प्रश्न चावीवाल्याच्या हातचे नव्हेत. ते लोकप्रतिनिधींपुढे मांडावयाची सोय त्या काळात राहिली नव्हती.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, शाळेच्या फाटकासमोरील गटार तुंबते व पावसाळ्यात मुलांना त्या पाण्यातून यावे लागते. मुख्याध्यापकांनी अर्ज लिहिला. तो आवक विभागात दिला, त्यावर शिक्का बसला आणि बारनिशीत क्रमांक पडला, तर त्या अर्जास जन्म मिळाला असे म्हणावे. रस्त्यात भेटलेल्या नगरसेवकांच्या खिशात घातलेला अर्ज जन्मास येत नाही. तोंडी सांगितलेले काम मनावर घेणारे नगरसेवक नसतात असे नाही, पण त्यांची मुदत संपते तेव्हा खिशातील कागदही त्यांच्याबरोबरच घरी जातो. क्रमांक पडलेला अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या शेऱ्यासह संबंधित विभागाकडे जातो. नुसता गाळ काढावयाचा असेल, तर आरोग्य विभागाचे व मुकादमाचे एका दिवसाचे काम आहे. परंतु गटार नव्याने बांधून त्यावर झाकण घालावयाचे असेल, तर मार्ग लांबतो. अभियंता जागा पाहून खर्चाचा अंदाज काढणार. त्या खर्चास अंदाजपत्रकात तरतूद आहे काय, हे लेखा विभाग पाहणार. विषय सभेच्या अगर समितीच्या विषयपत्रिकेवर येणार. मंजुरीनंतर निविदा, कार्यादेश, काम, मोजमापवहीतील नोंद आणि शेवटी देयक. हा प्रवास कंटाळवाणा आहे, यात शंका नाही. तथापि यांतील बहुतेक टप्पे लोकांचा पैसा जपण्यासाठी घातलेले आहेत. मोजमापवहीत लांबी-रुंदी लिहिल्यावाचून देयक निघू लागले, तर गटारे कागदावरच वाहू लागतील.

येथे जिल्हा परिषदेच्या शाळांची एक विशेष अडचण सांगावयास हवी. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमात स्वतःच्या शाळा चालविणाऱ्या प्राधिकृत नगरपालिका व इतर नगरपालिका असा भेद केलेला होता. त्यामुळे काही शहरांत शाळा जिल्हा परिषदेची, पण फाटकाबाहेरचा रस्ता, नळ व गटार नगरपालिकेचे, अशी स्थिती असते. मुख्याध्यापक पंचायत समितीस पत्र लिहितात, पंचायत समिती ते जिल्हा परिषदेकडे धाडते आणि वर्ष निघून जाते. नगरपालिकेच्या बारनिशीत मात्र एक ओळही पडत नाही. फाटकाच्या आतील कामाचा पत्ता एक व बाहेरील कामाचा दुसरा, एवढे जाणले तरी पुष्कळ कालहरण टळेल. महिना-दीड महिना उत्तर न आल्यास आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे. अर्ज कोणत्या टेबलावर आहे, हे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली विचारता येते व तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे.

ठराव झाला म्हणजे काम झाले, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती फोल आहे, हे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेचा इतिहास सांगतो. सार्वजनिक पैशाने बांधलेली व चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही स्थाने अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुली असावीत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्यास अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केले. विषयपत्रिकेवरील एक विषय निकालात निघाला. तळे जागच्या जागी होते, पाणी होते, ठरावही वहीत होता. आणि तरीही ज्यांच्यासाठी तो केला, त्यांच्या ओठांस तीन वर्षे पाणी लागले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाची पहिली खरी अंमलबजावणी झाली. ती नगरपालिकेने केली नाही. ज्यांना हक्क मिळाला होता त्यांनीच केली, आणि त्याबद्दल त्यांना मारही खावा लागला. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला.

महाडचा सत्याग्रह वर्गात शिकविला जातो, तो योग्यच आहे. परंतु त्याची सुरुवात एका लहान शहराच्या नगरपालिकेतील पाणवठ्याच्या साध्या ठरावापासून होते, हे मुलांस क्वचितच सांगितले जाते. ठराव व ओंजळ यांच्यामध्ये कोण उभे होते, हा प्रश्न सातवीच्या मुलांपुढे ठेवून पाहावा. मुले जी उत्तरे देतील ती शिक्षकालाही विचार करावयास लावणारी असतील.

पैशाची बाजू थोडक्यात. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्यास त्यांनी विरोध केला; ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी, असे त्यांचे म्हणणे होते. अंदाजपत्रकातील प्रत्येक रक्कम कोणत्या तरी दुसऱ्या कामाच्या तोंडचा घास असते. आज घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी सुधारली जाते, आकारणीची यादी प्रसिद्ध होते व हरकती मागविल्या जातात. ती यादी पाहावयास जाणारे थोडे, आणि बिल हाती पडल्यावर संतापणारे फार.

शिक्षकांचा नगरपालिकेशी सर्वांत निकटचा संबंध येतो तो जन्मनोंदीच्या वहीशी. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावयाची असते. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, त्यापुढे एक वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. गरीब मजुराला यांतील शेवटची पायरी चढणे किती जड जाते, हे शिक्षकांस सांगावयास नको. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने, त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरविला आहे. ही मुले २०२९-३० च्या सुमारास पहिलीत येतील. अंगणवाडीत तर ती आताच दिसू लागतील. मात्र वयाचा पुरावा नाही म्हणून बालकास प्रवेश नाकारता येणार नाही, असे २००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा सांगतो. म्हणून दाखला नसलेल्या मुलास परत न पाठविता आधी दाखल करून घ्यावे व मग दाखल्याच्या मागे लागावे.

नोंद जन्म जेथे झाला तेथे होते, आईवडील राहतात तेथे नव्हे. खेड्यातील आई तालुक्याच्या गावी बाळंत झाली असेल, तर तिच्या मुलाची नोंद ग्रामपंचायतीत शोधून सापडणार नाही. ती त्या नगरपालिकेत असेल. शिवाय रुग्णालयातून खबर जाते तेव्हा बाळाचे बारसे झालेले नसते, म्हणून नावाची जागा कोरी राहते. ते नाव एक वर्षापर्यंत विनाशुल्क व पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालून घेता येते. जूनमध्ये दाखले गोळा करताना नावाची जागा प्रथम पाहावी. ती कोरी आढळल्यास नोंदणी क्रमांक, जन्मतारीख व आईवडिलांची नावे चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहून पालकांस नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीकडे पाठवावे, आणि शाळेच्या दाखलखारिज नोंदवहीत लिहावयाचे नाव व तेथे घातले जाणारे नाव अक्षरशः एकच आहे, याची खात्री करून घ्यावी.