कोवळा मका आणि पावसाची ओढ



खरिपाचा मका उगवून वर येतो, चार पानं होतात आणि पाऊस ओढ देतो. खानदेश-मराठवाड्याला हे नवं नाही. दुपारी रानात गेलं की पानांच्या सुरळ्या झालेल्या दिसतात आणि पीक मोडून दुबार पेरणी करावी का, हा विचार मनात येतो. तो निर्णय दुपारी घेऊ नका, एवढं आज मला आग्रहानं सांगायचं आहे.

सुरळी करून रोप स्वतःला वाचवत असतं. पानाच्या वरच्या अंगाला मोठ्या पेशींच्या रांगा असतात. त्यांतलं पाणी घटलं की पान वळतं आणि ऊन कमी लागतं. पर्णरंध्रंही मिटतात. वाढ थांबते, पण रोप तगतं. रात्रीतून पानं उलगडली, तर दम शिल्लक आहे. भल्या सकाळीही सुरळी तशीच असेल, तर ताण खोल गेला.

पाच-सहा पानं होईपर्यंत मक्याचा वाढता कोंब जमिनीखाली असतो. म्हणून पानं करपली तरी पीक मोडण्याआधी चार ठिकाणची रोपं उपटा, बुडखा उभा चिरा. कोंब पांढरा आणि टणक असेल, तर रोप पुन्हा फुटेल. तपकिरी, मऊ पडला असेल, तर ते गेलं.

खरी काळजी मुळांची. बियाण्यातून निघालेली मुळं थोडेच दिवस पोसतात. पुढचा सगळा भार बुडख्याच्या पेरांतून फुटणाऱ्या मुळांवर. ती जमिनीच्या वरच्या थरातच फुटतात. तो थर तापून कोरडा पडला, की त्यांची टोकं वाळतात आणि रोप वाऱ्यानं लवंडतं. यासाठी पेरताना बी ४ ते ५ सेंटीमीटर खोल, ओलीत पडू द्या. खंड पडताच हलकी कोळपणी करून भुसभुशीत माती बुडाशी लावा. भेगा बुजतात, तण जातं, ओल टिकते. कोरड्या रानात युरिया टाकू नका.

आणि पाणी? रोपं लवंडू लागली तरच हलकं द्या. तुंबलेलं पाणी कोवळ्या मक्याला मानवत नाही. तुरा आणि कणसाचे केस निघतात, तेव्हा मात्र मका तहान सोसत नाही. ताण पडला की केस उशिरा येतात, तोवर पराग झडून जातो आणि कणीस रिकामं राहतं. मेक्सिकोतल्या सिमिट या मका-गहू संशोधन संस्थेनं अवर्षणात टिकणारा मका निवडताना तुरा आणि केस यांतलं हेच अंतर पाहिलं. विहिरीत पाणी मोजकं असेल, तर ते त्या दिवसांसाठी राखून ठेवा.