फेफऱ्याच्या माणसाला पंगतीत बसवा



अक्कलकोटहून मैंदर्गी, दुधनी करीत गाणगापूरकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. अक्कलकोटला स्वामी समर्थांचे दर्शन घ्यावयाचे आणि तसेच पुढे दत्ताच्या गाणगापूरला जावयाचे, हा आपल्याकडचा परिपाठ. या रस्त्याने हौसेने जाणारे असतात, नवस फेडायला जाणारे असतात, आणि काहीजण बरोबर आजारी माणूस घेऊन निघालेले असतात. विचारले तर सांगतात, ‘पोरीला बाधा झालीय. एकाएकी पडते, दातखीळ बसते, हातपाय झाडते, तोंडाला फेस येतो. मग घटकाभर कुणाला ओळखत नाही.’

ही लक्षणे ऐकली की डॉक्टरला पहिल्यांदा एकच नाव आठवते. त्या दुखण्याला अपस्मार म्हणतात. आपण फेफरे म्हणतो, मिरगी म्हणतो, आकडी म्हणतो. मैंदर्गीत मराठीइतकीच कानडी बोलली जाते, तिथे मूर्छे रोग म्हणतात. आणि हल्ली सगळीकडे ‘फिट’ हा शब्द झाला आहे. या दुखण्याविषयी, आणि ते असताना खाऊनपिऊन, कामधंदा करून, चार माणसांत कसे राहता येते याविषयी मी आज बोलणार आहे.

देवाला जाऊ नका असे सांगायला मी बसलेलो नाही. खुशाल जा. फक्त जाताना गोळ्यांची पुडी बरोबर न्या, आणि ‘आता सारे देवावर सोडले’ म्हणून ती वाटेत टाकून देऊ नका. गोळ्या एकदम बंद केल्या की झटक्यामागून झटके येतात, माणूस मध्ये शुद्धीवरच येत नाही, आणि अशा वेळी जीवही जातो. हे भिवविण्यासाठी सांगत नाही; असे घडते म्हणून सांगतो.

आता हे दुखणे आहे तरी काय? आपल्या मेंदूचे सारे काम बारीक विजेच्या लहरींवर चालते. एखाद्या वेळी त्या लहरी एकदम, एकाच वेळी आणि बेसुमार उसळतात. मग शरीर धन्याचे ऐकत नाही. तोंडाला येतो तो फेस म्हणजे नुसती लाळ, ती वेळेवर गिळली जात नाही एवढेच. तिच्यात विष नाही की रोगाचे बी नाही. फेफरे शिवल्याने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, एका अंथरुणावर निजल्याने लागत नाही. आपल्या चरकसंहितेत अपस्मारावर वेगळे अध्याय आहेत. त्यात त्याची कारणे आणि औषधे दिली आहेत. ग्रीस देशातल्या हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे, की लोक या रोगाला दैवी म्हणतात, पण तो इतर रोगांपेक्षा काही अधिक दैवी नाही. एवढ्या जुन्या काळी जे कळले होते ते आपल्या गल्लीत अजून पोहोचावयाचे आहे.

जगात सुमारे पाच कोटी माणसांना हा आजार आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य निदान व औषध मिळाले तर त्यांतली सत्तर टक्क्यांपर्यंत माणसे झटक्यांशिवाय जगू शकतात. औषधेही काही काल-परवाची नव्हेत. फिनोबार्बिटोनचा गुण १९१२ साली कळला, फेनिटॉइनचा १९३८ साली. तरीही झटका आला की आपण काय करतो? कांदा फोडून नाकाला लावतो, पायातली चप्पल हुंगवतो, मुठीत किल्ल्या कोंबतो. झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपला आपण थांबतो, आणि श्रेय चपलेला मिळते!

तेव्हा करावयाचे ते नीट ऐका. माणूस पडला की भोवतीचे दगड, विळा, चूल, काय असेल ते बाजूला करा. डोक्याखाली घडी करून टॉवेल ठेवा. गळ्याशी सदरा आवळला असेल तर सैल करा. हातपाय दाबून धरू नका. दातांमध्ये चमचा, लाकूड, बोट काहीही घालू नका. दात मोडतात, बोट तुटते, आणि जीभ काही गिळली जात नाही. झटका ओसरू लागताच त्याला एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. पुरता शुद्धीवर येईपर्यंत पाण्याचा थेंब देऊ नका. आणि कुणीतरी एकाने घड्याळाकडे पाहावे. पाच मिनिटे झाली तरी थांबला नाही, किंवा लागोपाठ दुसरा आला, किंवा माणूस पाण्यात पडलेला आहे, बाई गरोदर आहे, आयुष्यातला पहिलाच झटका आहे, तर १०८ ला फोन लावून दवाखाना गाठा. बाकीच्यांनी गर्दी मोडावी. गर्दी पांगवणारा एक खमक्या माणूस अशा वेळी फार उपयोगी पडतो.

भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, हे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हे आहेत. तेवढे सांगून मी पुढे जातो.

गुरुजी आणि बाई, आता थोडे तुमच्याशी. सगळेच झटके पडण्याचे नसतात. एखादे पोर वर्गात पाढे म्हणता म्हणता मध्येच गप्प होते, पाच-दहा सेकंद शून्यात पाहते, पापण्या फडफडवते, आणि जणू काही झालेच नाही असे पुढे लिहू लागते. दिवसातून कितीतरी वेळा असे होते. मधले दोन शब्द त्याने ऐकलेलेच नसतात. आपण म्हणतो, ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ आणि एक चापट देतो. ते बेपर्वाईचे लक्षण नसून फेफऱ्याचाच एक प्रकार असू शकतो. अशा मुलाच्या आईबापांना बोलावून घ्या. किती वेळा होते, किती वेळ राहते, हाक मारली तर ओळखते का, हे कागदावर टिपून त्यांच्या हाती द्या. डॉक्टरला त्या कागदाचा फार उपयोग होतो, कारण झटका डॉक्टरसमोर क्वचितच येतो. तो येतो तुमच्यासमोर.

आणि पोर वर्गात पडलेच, तर शुद्धीवर आल्यावर त्याला घरी धाडून दाखला हातात देऊ नका. कपडे ओले झाले असतील तर गुपचूप बदलायची सोय करा, थोडे निजू द्या, आणि वर्गाला दोन वाक्यांत समजावून सांगा. मुले समजूतदार असतात. त्यांना घाबरवतात ती मोठी माणसे. मधल्या सुट्टीत खिचडीच्या पंगतीत ते पोर नेहमीच्या जागी बसले पाहिजे. वेगळे ताट, वेगळा कोपरा नको. पंगतीतून उठवलेले लेकरू हळूहळू शाळेतूनच उठते.

पंगतीवरून खाण्यापिण्याकडे येऊ. फेफऱ्याच्या माणसाला कोणी दही सोडायला सांगतो, कोणी वांगे, कोणी केळे. घरचे बिचारे ऐकत जातात, आणि शेवटी ताटात भाकरी व मीठ उरते. सरसकट असे काहीही वर्ज्य नाही. आपली ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगांची चटणी, मेथी, अंबाडी, ताक हे जेवण उत्तम आहे. आजार भाकरीने बरा होत नाही, पण औषध पचवायला आणि अंगात बळ राहायला ती लागते. काही जुन्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागल्या तर हाडे ठिसूळ होऊ शकतात. म्हणून दूध-ताक, तीळ, पालेभाज्या आणि सकाळचे ऊन यांची हयगय करू नका.

जेवणात काय आहे यापेक्षा ते केव्हा आहे याला इथे मोल अधिक. उपाशीपोटी राहिल्याने काहींना झटका येतो. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्रातले निरंकार उपवास ज्यांना फेफरे आहे त्यांनी करू नयेत. करायचेच तर फळे-दूध घेऊन करावेत, आणि गोळीचा नेम मोडू नये. मुसलमान बंधूंनी रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरला भेटून गोळ्यांच्या वेळा विचारून घ्याव्यात. दारू मात्र वर्ज्यच समजा. झोपेचेही तसेच. रात्रभर भजनाला जागणे आणि रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला दारे धरणे, या दोन गोष्टी या रोगाला आवडत्या. त्यात दारे धरणारा एकटा, अंधारात, विहिरीच्या काठाला! घरातल्या दुसऱ्याने ती पाळी घ्यावी, त्याने दिवसा खुरपावे.

मध्येच एक गोष्ट सांगतो, कारण शहरात शिकलेली मुले हल्ली ती घरी घेऊन येतात. भाकरी-भात फार कमी करून तूप-लोण्यावर भर देणारा एक आहार फेफऱ्यावर वापरतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी तो १९२१ साली सुचवला. तो खरा आहे. पण तो मुख्यतः औषधांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून द्यावयाचा असतो. घरी आपल्या मनाने करून पाहण्याची ती गोष्ट नव्हे.

मात्र खाण्यातून फेफरे येण्याची एक वाट आहे, आणि ती आपल्या गावांना लागू आहे. डुकराच्या मांसातला पट्टकृमी तुम्ही ऐकला असेल. अर्धेकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. उघड्यावरची घाण पाण्यात मिसळते, ते पाणी भाजीला जाते, किंवा माणसाचा न धुतलेला हात अन्नाला लागतो. ही अंडी ज्याच्या पोटात जातील त्याच्या मेंदूपर्यंत अळी पोहोचून तिथे गाठ होऊ शकते, आणि झटके सुरू होतात. आपल्या देशात फेफऱ्याचे हे एक मोठे कारण आहे. मैंदर्गीकडची अनेक लिंगायत घरे म्हणतील, ‘आमच्याकडे अंडेदेखील शिजत नाही, आम्हाला काय त्याचे?’ गंमत अशी की गाठ होण्यासाठी मांस खावे लागत नाही. न धुतलेली कोथिंबीर, मुळा, गाजर पुरते. म्हणून कच्च्या खाण्याच्या भाज्या चांगल्या पाण्याने दोन-तीनदा चोळून धुवा, जेवण्याआधी व शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवा, आणि गावातला प्रत्येक संडास वापरात राहील हे पाहा. पेशंटची काळजी एका घराने घ्यावी, पण ही काळजी साऱ्या गावाला मिळूनच घ्यावी लागते. शेजाऱ्याची घाण आपल्या ताटात येते, मग शेजारी कोणत्याही जातीचा असो.

लग्नाचा विषय टाळता येत नाही. मुलीला फेफरे असले की ते लपवून लग्न करतात. सासरी गोळ्या घ्यायची चोरी, म्हणून ती गोळ्या सोडते, आठवड्यात पडते, आणि महिन्यात माहेरी पोहोचते. कायदाही एके काळी तिच्या विरुद्ध होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात ज्याला फेफऱ्याचे झटके वारंवार येतात त्याला वेडाच्या ओळीत बसवले होते. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढून टाकला. आता फेफरे आहे म्हणून लग्न अडत नाही. कायद्यातून गेलेला शब्द आपल्या ओसरीवरच्या बैठकीतून मात्र गेलेला नाही. माझे मत विचाराल तर दोन्ही घरांनी आधी उघड बोलावे. नकार लग्नाआधी आलेला बरा. या आजाराच्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मुले होतात. फक्त दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरला सांगावे, कारण व्हॅल्प्रोएटसारखे काही औषध पोटातल्या बाळाला अपाय करू शकते आणि ते आधी बदलून घ्यावे लागते. आपल्या मनाने बंद करणे नाही.

पुण्यात यशोदा वाकणकर यांनी ‘संवेदना’ नावाचा गट उभा केला आहे. त्यांनी स्वतः हे दुखणे भोगलेले. फेफरे असलेली माणसे आणि त्यांचे घरचे तिथे एकत्र बसून बोलतात, आणि अशा मुलामुलींची लग्ने जुळावीत म्हणूनही त्यांनी खटपट केली. पुणे आपल्याला लांब. पण चार घरांनी महिन्यातून एकदा एखाद्या ओसरीवर जमायला पुण्याची गरज नाही. मैंदर्गीत आशाताई आहेत, बचत गट आहेत, भजनी मंडळे आहेत. कुणाच्या गोळ्या संपत आल्या, अक्कलकोटच्या सरकारी दवाखान्यात किंवा सोलापूरच्या सिव्हिलला कुणी जाणार आहे का, एकाच फेरीत तिघांची औषधे आणता येतील का, एवढे बोलणे झाले तरी पुष्कळ. गोळ्यांची पुडी संपण्याच्या आठ दिवस आधी पुढची घरात असली पाहिजे. दोन-तीन वर्षे झटका आला नाही तर गोळ्या हळूहळू कमी करता येतील का, हे डॉक्टर ठरवतील. आपण ठरवायचे नाही.

कामाचे म्हणाल तर फेफऱ्याचा माणूस बसून राहायला नको. त्याने शिकवावे, दुकान चालवावे, शिवावे, शेत करावे. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, उंच गंजीवर चढणे, एकट्याने विहिरीत पोहणे तेवढे टाळावे. मोटारसायकलचा परवाना काढताना अर्जातच या आजाराची विचारणा असते. तिथे खोटे लिहू नये. बायकांनी चूल किंवा शेगडी असेल तिथे शक्यतो कुणीतरी जवळ असावे, न्हाणीघराला आतून कडी घालू नये.

हिवाळ्यात मालदांडी हुरड्यावर येते तेव्हा शेतावर सगळे गोतावळे जमते. त्या दिवशी फेफऱ्याच्या पोराला ‘तू घरी थांब’ म्हणतात. त्याला घेऊन जा. आगटीवर कणसे भाजायला दुसरा कुणी बसवा, आणि याला बसवा हुरडा चोळायला, सगळ्यांच्या मध्ये.