शेर, पावशेर आणि लिटर



मालवण किनाऱ्यावरील एखाद्या जुन्या घरात माळ्यावरची पेटी उघडली, तर पितळेची लहानमोठी मापे हाती लागतात. शेजारीच आजीबाईंच्या हातची वही सापडते आणि तीत लोणच्याच्या कृतीत ‘तेल तीन पावशेर’ असे लिहिलेले असते. सूनबाई वही वाचतात, लिटरचे माप हाती घेतात आणि थबकतात. तीन पावशेर म्हणजे किती लिटर? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी दुसरा प्रश्न विचारणे अवश्य आहे. हा शेर कोणता?

कारण शेर हे एकच नाव दोन निराळ्या परिमाणांना होते. पहिला शेर मापाचा. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी ती शिडी. प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या दुप्पट, म्हणून चार शेरांची पायली. भात, तांदूळ यांची मोजणी याच मापांनी होत असे. हा शेर गावोगाव लहानमोठा असे. शिवाय धान्याच्या मापावर शीग चढविण्याची रीत होती. द्रव पदार्थाला मात्र शीग नाही. काठोकाठ भरले की माप पुरे झाले.

दुसरा शेर वजनाचा, ८० तोळ्यांचा. त्याचा चौथा भाग पावशेर, पावशेराचा निम्मा नवटाक आणि नवटाकाचा निम्मा छटाक. भारत सरकारने १९५६ साली वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धती स्वीकारली. तीनुसार या शेराचे वजन ०.९३३१ किलोग्रॅम होते. १९६२ सालापर्यंत जुनी वजने-मापे कायदेशीर व्यवहारातून टप्प्याटप्प्याने उठली. घरातील वह्यांतून मात्र ती गेली नाहीत.

आता वजनाच्या शेराचे लिटर करावयाचे, तर पदार्थ कोणता हे पाहावे लागते. एक लिटर पाणी सुमारे एक किलो भरते, म्हणून पाण्याचा शेर सुमारे ९३३ मिलिलिटर. दूध पाण्याहून किंचित जड. त्याचा शेर सुमारे ९०५ मिलिलिटर. तेल हलके. ते लिटरामागे सुमारे ९१५ ग्रॅम भरते, म्हणून तेलाचा शेर १.०२ लिटर, म्हणजे जवळजवळ लिटराएवढाच. घासलेट त्याहून हलके. त्याचा शेर लिटरापेक्षा सुमारे षष्ठांशाने अधिक. तेव्हा वहीतील शेर वजनाचा असेल, तर तीन पावशेर तेल म्हणजे ७०० ग्रॅम, अर्थात सुमारे ७६५ मिलिलिटर. सूनबाईंनी पाऊण लिटर घेऊन वर पळीभर घातले, तर लोणचे बिघडणार नाही.

गॅलनाचा हिशेब याहून सोपा, कारण गॅलन हे आकारमानाचेच परिमाण. इंग्रजी गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर, म्हणून घासलेटचा जुना चार गॅलनांचा डबा १८.१८ लिटरांचा.

हा सारा हिशेब जुन्या वह्यांपुरताच आहे असे कोणी समजू नये. आजही बाजारात तेलाचा एक डबा १५ किलोचा असतो आणि दुसरा १५ लिटरचा. पत्रा सारखा, आकडा सारखा. परंतु दुसऱ्यात तेल पावणेचौदा किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे सव्वा किलो कमी. शिवाय तेल तापले की फुगते. किनाऱ्यावर थंडीच्या पहाटे खोबरेल बाटलीत गोठते आणि उन्हात ठेवताच पातळ होऊन वर चढते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. त्या वेळी आकारमान बदलते, वजन बदलत नाही. म्हणूनच चढे तापमान गृहीत धरून लिटर छापला, तर पिशवीत तेल कमी भरते. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल भरणाऱ्यांना सूचना दिली की, पिशवीवर आकारमान छापताना तापमानाचा उल्लेख करू नये आणि सोबत वजनही अचूक छापावे.

तात्पर्य, आकडा वाचण्याआधी त्यापुढील शब्द वाचावा. किलो आणि लिटर यांत गल्लत झाली, तर लोणच्याचे फारसे नुकसान होत नाही. परंतु संसाराच्या खर्चात ती तूट दरमहा पडत राहते आणि ती कोणाच्या ध्यानातही येत नाही.