धडधाकट हातांविषयी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या पोळीभाजी केंद्राच्या चवीचे कौतुक आज पुष्कळ झाले. मी जन्मभर परिचारिकेचे काम केले. तेव्हा मी बोलणार ती त्या चवीमागच्या हातांविषयी.

आजारी बाईला आपण चुलीपाशी बसू देत नाही. पण जी धडधाकट दिसते तिचे काय? अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे येथे १९०६ च्या उन्हाळ्यात एका घरातील ११ पैकी ६ माणसे विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, अंथरुणाला खिळली. जॉर्ज सोपर यांनी शोध घेतला, तेव्हा दिसले की, त्या घरची स्वयंपाकीण मेरी मॅलन पूर्वी जेथे राबली त्यांतील बहुतेक घरांत हाच ज्वर येऊन गेला होता. मेरी स्वतः ठणठणीत; जंतू मात्र तिच्या शौचात सापडले. असे जंतू न धुतलेल्या हातांवाटे अन्नात उतरतात. शिजताना ते मरतात. पण कोशिंबिरीला कोठला विस्तव?

१९०७ साली तिला एका बेटावरील रुग्णालयात अटकावून ठेवले. १९१० साली, पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडले. धुण्याच्या कामात मिळकत कमी. नाव बदलून ती पुन्हा चुलीकडे वळली. १९१५ साली स्त्रियांच्या एका रुग्णालयात २५ जणांना ज्वर आला, दोघे दगावले. मग १९३८ साली मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली.

तिचा दोष मी झाकीत नाही. पण जिचे काम काढून घेतले, तिच्या भाकरीची पुरेशी सोय कोणी केली?

आपल्याकडे २०११ च्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस आवश्यक आहे. ती करूच. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांचे काय? जुलाब झाले, बोट पिकले, तर बाईने आपणहून सांगितले पाहिजे. पिकलेल्या जखमेतील जंतू अन्नात असे विष सोडतात की, ते अन्न पुन्हा उकळले तरी जात नाही. आणि मजुरी बुडणार असेल, तर ती बाई बोटाला चिंधी गुंडाळून कणीक मळायला बसेल, सांगणार नाही.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे : मोरीवर साबण कधी संपू देऊ नये, आणि अशा दिवसांची रजा भरपगारी असावी. तो खर्च आपल्या सर्वांच्या ताटासाठीच आहे.