बिल कोणी भरले?



वाशी, नेरुळ, बेलापूर येथील उपाहारगृहांविषयी भरपूर लिहिले जाते;
परंतु त्यातील परीक्षण कोणते आणि जाहिरात कोणती,
हे वाचकाला सहसा कळत नाही.

परीक्षण म्हणजे स्वखर्चाने जेवून,
शक्यतो ओळख न देता केलेले मूल्यमापन.

केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार,
प्रभावकांनी, म्हणजे समाजमाध्यमांवर मोठा चाहतावर्ग असलेल्यांनी,
शिफारशीसाठी पैसे किंवा फुकट जेवण स्वीकारले असल्यास
ते स्पष्टपणे सांगणे अपेक्षित आहे.
तेव्हा पहिला प्रश्न हाच: बिल कोणी भरले?

अर्थात, बिल स्वतः भरल्याने जाण येतेच असे नाही;
आगरी-कोळी जेवणाविषयी लिहिताना
बोंबील ताजा होता की बर्फातला,
भाकरी तांदळाची आणि तव्यावरून थेट ताटात आलेली होती का,
हे न सांगता अनेक लेखक
‘झणझणीत’ या एका विशेषणावर वेळ मारून नेतात.