ताटातले यिन आणि यांग



आमचे शाळेतले शिक्षण चौथीपर्यंतचे; पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, रद्दीतून आणलेल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा चिनी तत्त्वज्ञानावर अधिकारवाणीने बोलण्याचा आव आम्ही आणणार नाही. जेवणापुरतेच बोलतो.

यिन म्हणजे डोंगराची सावलीची बाजू, यांग म्हणजे उन्हाची. मूळ अर्थ इतका साधा. चिनी माणूस अन्नालाही हाच हिशेब लावतो. कलिंगड, काकडी, मूग, खेकडा हे यिनकडचे, आले, मिरी, मटण यांगकडचे, भात मधला. हाताला लागणाऱ्या उष्णतेशी याचा संबंध नाही. हिरव्या चहाने जीभ पोळली तरी तो थंडच! पपई उष्ण आणि ताक थंड म्हणणाऱ्या आपल्या आजीबाईंना हे समजावून सांगावे लागणार नाही.

पण पुष्कळ लोक याच्या दोन याद्या करतात आणि तिथेच फसतात. खेकडा थंड म्हणून चिनी माणूस तो टाकून देत नाही, आल्याबरोबर खातो. मटणाचा रस्सा हिवाळ्यात, मुगाचे पाणी उन्हाळ्यात. बाळंतिणीला महिनाभर आले घातलेली, तिळाच्या तेलातली कोंबडी. म्हणजे आधी खाणारा पाहायचा, ऋतू पाहायचा, मग पदार्थ. जपानच्या जॉर्ज ओसावांनी (१८९३–१९६६) याच नावांवर एक आहारपंथ काढला. त्याची सर्वांत कडक पायरी नुसत्या धान्याची. १९६५ साली अमेरिकेत ती पाळणारी एक तरुणी मरण पावली. नाव समतोलाचे, आणि ताटात वस्तू एकच!

यिन-यांग शास्त्राच्या तराजूत तोलता येत नाही, हे आम्हांला मान्य आहे. पण भट्टीपुढच्या माणसाचा घाम खोटा नाही. आणि निवड करायला आधी ताटात दोन पदार्थ लागतात. एका कारखान्यात भट्टीखात्यासाठी आम्ही उन्हाळ्यात ताक मागितले. साहेब म्हणाले, "ताक हवे की उष्णतेचा भत्ता? एक काय ते सांगा."

चीनमध्ये कारखान्यांतून उन्हाळ्यात मुगाचे पाणी वाटण्याची जुनी चाल आहे. तिथल्या २०१२ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे : ३५ अंशांवर उघड्यावर काम असेल, किंवा आतली जागा ३३ अंशांखाली आणता येत नसेल, तर भत्ता द्यावा. पेय वेगळे द्यावे. त्याऐवजी पैसे देऊ नयेत, आणि पेय दिले म्हणून भत्ता कापू नये. नियम तिथे किती पाळला जातो, हा वेगळा वाद. आम्ही तेवढा मजकूर मराठीत उतरवला आणि पुढच्या बोलणीत साहेबांच्या टेबलावर ठेवला.

ताक सुरू झाले. भत्त्याची बोलणी चालू आहेत.