मोगऱ्याची कलमं



पावसाळा म्हणजे फांद्या लावायचे दिवस. मी काही माळी नव्हे, कविता करणारा माणूस. पण मोगऱ्याची फांदी लावायला मी चुकतमाकत शिकलो, ते आज सांगतो.

आमचं जुनं घर रस्तारुंदीत जाणार हे ठरलं, तेव्हा अम्माने भांड्याकुंड्यांची काळजी केली नाही. तिने एवढंच विचारलं, ‘‘अंगणातल्या मोगऱ्याचं काय?’’ त्याची मुळं भिंतीखाली शिरलेली. मी म्हटलं, ‘‘बी धरू.’’ ती म्हणाली, ‘‘अरे, मोगऱ्याला बी पाहिलंस कधी?’’

खरंच होतं ते. आपल्या भरगच्च पाकळ्यांच्या मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. कुणीतरी कुणाला फांदी दिली, म्हणूनच तो आपल्यापर्यंत आला.

मी भर मे महिन्यात कोवळे शेंडे तोडून लावले. दिवसातून दोनदा पाणी. दोन फांद्यांना पालवी फुटली आणि मी अम्माला सांगितलं, ‘‘लागली!’’ आठवड्यात सगळ्या काळ्या पडल्या. फांदी स्वतःच्या साठ्यावरही पालवी काढते. मूळ नसेल तर ती पालवी टिकत नाही.

जुलैत पुन्हा लावल्या. फांदी फार कोवळी नको, फार जून नको. चार-पाच इंचांची घ्यावी. डोळ्याच्या अगदी खाली धारदार पात्याने तिरका छेद द्यावा. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढावीत. वाळू-माती निम्मी-निम्मी, खत अजिबात नाही. निदान एक डोळा मातीत जाऊ द्यावा. कुंडी सावलीत ठेवून वर प्लास्टिकची पिशवी सैल घालावी. माती ओलसर असावी, चिखल नको. पाच-सहा आठवडे वाट पाहावी. उपटून मुळं बघू नयेत. फांदी हलकेच ओढली आणि तिने धरून ठेवलं, की समजावं.

बारातल्या पाच लागल्या. अम्माने त्यातल्या तीन लगेच वाटून टाकल्या. मला राग आला. ती म्हणाली, ‘‘एकाच अंगणात ठेवलं, त्याचं काय झालं पाहिलंस ना?’’

कलम हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. लिहायचा बोरूही कलम, लावायची फांदीही कलम. दोन्हींना तिरका छेद द्यावा लागतो. मी मात्र कागदावरचं कलम तेवढं जपत आलो होतो.

पुढे अम्मा गेली. एका उन्हाळ्यात आम्ही महिनाभर परगावी होतो, तेव्हा माझ्याकडची दोन्ही झाडं वाळली. मी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती. जुन्या गल्लीतल्या काकूंना कसं कळलं कोण जाणे. पहिल्या पावसात त्या दारात आल्या. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार फांद्या. म्हणाल्या, ‘‘तुमच्याच आहेत.’’

तुमच्या दारात मोगरा असेल, तर या पावसात एक फांदी कुणाला तरी द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)